हिरव्या जाळीआडचे खांबेटे

यंदा एकतीस डिसेंबरला आमच्या गच्चीवर खुर्च्या लागल्या नाहीत. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मी इथे राहायला आल्यापासून दर वर्षीच्या शेवटच्या संध्याकाळी प्रभाकर खांबेटे आम्हाला गच्चीवर बोलावत आणि सरत्या वर्षाचा आढावा घेत. त्यांच्या वर्षाचा, आमच्या नव्हे. आमचं वर्ष कसं गेलं, हे त्या माणसाने कधी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते, म्हणजे न जाऊन सुटका नसायची. यंदा सुटले म्हणून मोठ्या आनंदाने कॉफी करून घेतली, शाल गुंडाळून बसले, तर डोक्यात दुसरं काही येईचना. सारखे खांबेटेच. शेवटी म्हटलं, त्यांनी नाही घेतला तर आपण घेऊ त्यांचा आढावा. जन्मभर दुसऱ्यांना नापास करत आले, एकदा त्यांचाही निकाल लागू दे.

आधीच सांगून टाकते, मला हा माणूस कधी आवडला नाही.

खांबेटे पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्राचा सुटा भाग उचलायचा, डोळ्याशी धरायचा आणि 'रिजेक्ट' म्हणून बाजूला टाकायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं आणि त्याचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर सुटे भाग संपले, पण तोंडाची सवय जाईना. मग दूधवाला रिजेक्ट, सोसायटीचा चेअरमन रिजेक्ट, मी घातलेलं लोणचं रिजेक्ट. जावई तर साखरपुड्याच्या आधीच रिजेक्ट, कारण पहिल्याच भेटीत त्याने साखरेच्या चहाचा चोथा यांच्या कुंडीत टाकला आणि मुंग्या झाल्या. त्यांची एकुलती एक लेक मुग्धा हट्टाने त्याच मुलाशी लग्न करून नाशिकला गेली आणि चांगली सुखात आहे. तेही यांना पटत नसे. कौतुकाचा यांच्याजवळ एकच शब्द होता, 'चालेल'. तो चुकून कधी कानावर पडला, की त्यांची बायको, आमच्या वसुधाताई, दिवसभर खुशीत असायच्या. मला त्या खुशीचासुद्धा राग यायचा.

तर हे खांबेटे निवृत्तीनंतर बागेत घुसले. बाग म्हणजे सोसायटीची गच्ची, जी त्यांनी कुणालाही न विचारता ड्रम, कुंड्या आणि फुटक्या बादल्या आणून भरून टाकली. सकाळी हनुवटीखाली दोरी बांधलेली कॅनव्हासची हॅट घालायची, खाकी अर्धी चड्डी चढवायची आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. हॅट घरातही डोक्यावरच. त्या वेषात त्यांना बघून नव्या माणसाला वाटावं, काय मेहनती गृहस्थ आहे! पण त्यांचे हात बघा म्हणावं. कायम स्वच्छ, नखं कापलेली. माती कालवायच्या वसुधाताई. शेणखताच्या पिशव्या जिन्यावरून वर न्यायच्या वसुधाताई, तेही गुडघा बदललेला असताना. खांबेटे शेजारी उभे राहून सांगायचे, अगं, तिथे नको, जरा डावीकडे. रोप जगलं की 'मी लावलं' आणि मेलं की 'वसुधाने पाणी जास्त घातलं'.

आढाव्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी हवामान, मग बाग, शेवटी कुटुंब. हवामानावर हा माणूस असा बोलायचा की पाऊस जणू याच्या हाताखाली नोकरीला आहे. जूनमध्ये उशिरा आला, जुलैत कामचुकारपणा केला, परतीला नको तिथे आगाऊपणा केला. थंडीलाही ते सोडत नसत. मग बाग. गुलाब, मिरच्या, शेवगा, लिंबावरची अळी, एकेकाची हजेरी घेत अंधार व्हायचा आणि वसुधाताईंनी केलेली ओव्याच्या पानांची भजी ताटात गार होऊन जायची, कारण आढावा संपल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुटुंबाची पाळी यायची तेव्हा लोक उठून चपला शोधत असायचे. ज्या वर्षी वसुधाताईंचा गुडघा बदलला, त्या वर्षी त्यांनी सांगितलं की फेब्रुवारीत सौ.चं ऑपरेशन झालं, त्यामुळे गुलाबांची छाटणी लांबली आणि फुलं लहान आली. वसुधाताई मागे भज्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या कसनुसं हसल्या. मी मात्र हसले नाही आणि भजीही न खाता खाली आले. त्यावर खांबेटे दुसऱ्या दिवशी मला म्हणाले की भज्यांत मीठ जरा जास्तच झालं होतं, तुमचं बरोबर आहे.

दान करायचीही त्यांची एक तऱ्हा होती. बशीत एक वांगं ठेवून दारात यायचे. एकच. आणि दुसऱ्या दिवशी ते वांगं कसं लागलं हे विचारायला पुन्हा यायचे. 'छान होतं' एवढ्याने भागत नसे. बाजारातल्या वांग्यात आणि यात काय फरक जाणवला, ते सांगावं लागे. खालच्या मजल्यावर नागपूरकडची एक मुलगी भाड्याने राहायला आली होती, हिंजवडीला कामाला जाणारी. तिने एकदा फोडणीसाठी गच्चीवरून कढीपत्त्याची एक डहाळी तोडली. खांबेट्यांनी तिला तिथेच उभं करून डहाळी कुठून तोडावी, कधी तोडावी, आणि मुळात दुसऱ्याच्या झाडाची तोडावीच का, यावर एवढं ऐकवलं की तिची ऑफिसची गाडी चुकली. पोरीने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. संध्याकाळी येताना मंडईतून कढीपत्त्याच्या जुड्या आणल्या आणि त्यांचं तोरण करून यांच्या दाराला बांधलं. मला ती मुलगी तेव्हापासून फार आवडते. नागपूरची असून पुण्यात अशी पटकन तयार झाली!

हे सगळं मी हसत सांगते आहे, कारण तोवर ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र हसू संपलं.

मुग्धा पहिलटकरीण, म्हणून आपल्या रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आली. वसुधाताईंनी महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. मऊ जुन्या साड्यांची दुपटी शिवली, डिंक निवडला, अळीव आणले. एकच अडचण होती, खोलीची. त्यांच्या घरात पूर्वेची खोली तेवढी हवेशीर, आणि तिच्याच गॅलरीत खांबेट्यांनी कात्रजच्या पुढच्या कुठल्याशा रोपवाटिकेतून आणलेली अँथुरियम आणि ऑर्किड मांडली होती. ही झाडं म्हणजे महा नखरेल. त्यांना ऊन लागायला नको. म्हणून या गृहस्थाने गॅलरीला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी बांधली, तीही दुहेरी, आणि खोलीच्या खिडकीलाही तीच लावली. त्या खोलीत भर सकाळी गेलं तरी सगळं हिरवं. वसुधाताईंनी एकदा मला तिथे बसवून पोहे दिले होते, तर त्यांत हळद घातली आहे की नाही तेसुद्धा मला कळेना.

वसुधाताईंनी सांगून पाहिलं. बाळंतिणीच्या खोलीत ऊन यायला हवं, जाळी निदान खिडकीची तरी काढा. खांबेटे म्हणाले, पाऊस पडला की काढू. आता एप्रिलमध्ये पाऊस कुठून पडणार होता? मग म्हणाले, उलट जाळीने खोली गार राहते, बाळाला बरंच आहे. मुग्धा म्हणाली, जाऊ दे आई, कशाला वाद. त्या घरात सगळ्याच गोष्टी 'जाऊ दे आई'वर संपायच्या.

एप्रिलच्या अखेरीला मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं आणि तिसऱ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. मी बघायला गेले तेव्हा त्या हिरव्या उजेडात बाळ झोपलेलं होतं. फार झोपते, मुग्धा म्हणाली, प्यायलाही धड उठत नाही. उकाड्याने असेल, मी म्हटलं. सगळेच तसं म्हणत होते. उन्हाळा होताच तसा. खांबेट्यांनी वाकून तिच्याकडे पाहिलं आणि 'चालेल' म्हणाले. वसुधाताईंचे डोळे भरून आले.

त्यानंतर एक-दोन दिवसांतली गोष्ट. सकाळी खांबेट्यांनी कीड लागू नये म्हणून गॅलरीतल्या झाडांवर आंबट ताक फवारलं. ताक चांगलं आठवडाभर आंबवलेलं. तो वास खोलीत भरला, तशा वसुधाताई बाळाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुग्धा मागून आली. माझ्या दिवाणखान्यात पडदेसुद्धा पातळ आहेत, सकाळचा लख्ख उजेड असतो. पलंगावर नुकतीच पांढरी चादर घातली होती. वसुधाताईंनी त्यावर बाळाला ठेवलं आणि दुपटं उघडलं. पोर पिवळी होती. तोंड, छाती, पोट, पार मांड्यांपर्यंत. वसुधाताईंनी तिच्या कपाळावर बोट दाबून उचललं. बोटाखालीही पिवळंच होतं. मुग्धाने बाळाचे डोळे उघडायला बघितले, तर ते उघडेचनात.

रिक्षातून हॉस्पिटलात नेईपर्यंत मुग्धा तिला हाका मारत होती. डॉक्टरीण तरुण होती, कामाची होती. रक्त बघितलं, लगेच निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं, आणि मग आमच्याकडे वळली. कावीळ बऱ्याच बाळांना होते, घाबरायचं नसतं, पण वेळेवर आणायचं असतं, आणखी एखादा दिवस घालवला असता तर कानाला, मेंदूला धोका झाला असता, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "घरात तुम्हा कुणालाच दिसलं नाही? उजेड येत नाही का?"

मी वसुधाताईंकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

खांबेटे संध्याकाळी आले. हॅट घालून. काचेतून निळ्या दिव्याखालच्या नातीकडे बघून म्हणाले की घरी तर चांगली दिसत होती. नर्सला तेच सांगितलं, जावई धावत आला त्यालाही तेच, मलाही तेच. घरी चांगली दिसत होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने डोळ्याशी धरून सुट्या भागांतली केसाएवढी चूक पकडली, त्याला डोळ्यासमोरची पिवळी नात दिसली नाही, आणि तरी चूक कुणाची, तर बहुतेक नातीचीच! मी तिथे काही बोलले नाही, कारण मुग्धा शेजारी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाताई कपडे न्यायला घरी आल्या. त्यांच्याबरोबर मीही आत गेले. त्यांनी कपडे घेतले नाहीत. गॅलरीत गेल्या, छाटणीची मोठी कात्री उचलली आणि जाळी एका टोकापासून कापायला सुरुवात केली. घाई नाही, आदळआपट नाही. साडीचा काठ फाडावा तशी सरळ रेषेत. खांबेटे गच्चीवरून धावत खाली आले.

"अगं वसुधा, रोपं करपतील!"

"करपू देत," त्या म्हणाल्या.

एवढंच. कात्री थांबली नाही. खिडकीची जाळी पडली तसं ऊन थेट खोलीतल्या बिछान्यावर आलं. खांबेटे कुंड्या उचलून सावलीत न्यायला धावले, पण एवढ्या कुंड्या एकट्याने किती हलवणार? दुपारपर्यंत अँथुरियमची पानं कडेने काळी पडली होती.

नात बरी झाली. चार-पाच दिवसांनी घरी आली, त्या उन्हाच्या खोलीत दूध पिऊ लागली, रडू लागली, आणि तिचं रडणं भिंतीतून ऐकू आलं की मला फार बरं वाटायचं. खांबेटे मात्र वसुधाताईंशी बोलायचे थांबले. का, तर तिने झाडं मारली म्हणून. महिनाभर एका घरात राहून हा मनुष्य बायकोशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा. वसुधाताई मला हे सांगायच्या तेव्हा रडायच्या नाहीत. मी म्हणायचे, अहो, तुम्ही तरी बोला चार शब्द, सुनवा त्यांना. त्या म्हणायच्या, आता काय बोलायचं राहिलंय?

सव्वा महिना झाल्यावर जावई गाडी घेऊन आला. आभाळ भरून आलं होतं. वसुधाताई लेकीला सोडायला म्हणून निघाल्या, आठ दिवसांनी येते म्हणाल्या, पण त्यांची बॅग आठ दिवसांची नव्हती, हे मला दिसलं आणि खांबेट्यांनाही दिसलं असणार. ते फाटकाशी उभे होते. जावयाला त्यांनी घाटात पाऊस लागेल, काचा नीट लाव, एवढं सांगितलं. बायकोला, लेकीला, नातीला एक अक्षर नाही. गाडी वळली तसे ते गच्चीवर गेले.

बारसं नाशिकला झालं. मला आग्रहाचं बोलावणं आलं. यांना आलं नाही. मी वसुधाताईंना फोनवर विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांना झाडं सोडून जमायचं नाही हो. नाव आभा ठेवलं. फुलाचं, वेलीचं नाव नको, असं मुग्धाने आधीच बजावून ठेवलं होतं. पाहुण्यांतल्या कुणीतरी आजोबा कुठेत म्हणून विचारलं, तर वसुधाताई म्हणाल्या, झाडांपाशी, आणि दुसऱ्या पाहुणीला ओटीचा नारळ दिला. आठ दिवसांचे महिने झाले. त्या आल्या नाहीत.

आता खरं तर खांबेट्यांची बाग वाळायला हवी होती. न्याय म्हणून काही असता तर वाळली असती. पण यंदा पाऊस असा पडला की काय सांगू! गच्चीवर दुधी लोंबायला लागले, दोडके, घेवडा, कारली, शेवंतीला तर फुलांपुढे पानं दिसेनात. एकट्या खांबेट्यांनी सगळं केलं, वरखाली बादल्यासुद्धा नेल्या. नखांत माती घेऊन दारात यायचे. बशीत एकाऐवजी अख्खा दुधी. आणि दुसऱ्या दिवशी कसा लागला हे विचारायला यायचे नाहीत. मी तो दुधी घ्यायचे, कारण भाजीवर माझा राग नाही. पाऊस किती झाला ते सांगत थोडा वेळ उभे राहायचे. नाशिकला किती झाला, हे मात्र कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दिवाळीत त्यांच्या दारात पणती नव्हती, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

वसुधाताई नातीचे फोटो मला पाठवतात. रोज एखादा तरी असतोच. पालथी पडली, बसायला लागली, दात आला. यांना पाठवत नाहीत. मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या की त्यांनी मागितले नाहीत.

एवढ्यावर आढावा संपला असता, पण परवा सकाळी, नवं वर्ष लागून दोन-चार दिवस होतात तोच, माझी बेल वाजली. दारात खांबेटे. हातात दुधी नाही, बशी नाही. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, असं म्हणाले. मी म्हटलं, मग प्लंबरला सांगा, मला काय सांगता? हो, तेही खरंच, म्हणाले, पण हलेनात. मग भिंतीकडे बघत म्हणाले की तुमच्याकडे फोटो येतात म्हणे.

नाही कशाला म्हणू? फोन काढून दिला. कालचाच फोटो होता, आभा वसुधाताईंच्या मांडीवर बसलेली, तोंडभर हसणारी. खांबेट्यांनी तो डोळ्याशी धरला. मग लांब धरला. मग जिन्यातल्या खिडकीपाशी गेले आणि तिथल्या उजेडात फोन इकडून तिकडे फिरवत बघू लागले. बराच वेळ झाला तशी मी म्हटलं, काय हो, काय झालं?

"पिवळी नाही ना वाटत?" त्यांनी विचारलं.

"अहो, आठ महिन्यांची झाली ती. आता कसली पिवळी?"

"तसं नव्हे. पण या फोनमधले रंग खरे असतात का?"

माझ्या तोंडावर आलं होतं, की हे तेव्हा विचारायचं होतंत, स्वतःच्या घरात. ते गिळून मी म्हटलं, "खरे बघायचे असतील तर नाशिकला जा आणि बघा. शिवाजीनगरहून दिवसभर गाड्या असतात."

ते फोनकडेच बघत होते.

"वसुधाने या म्हटलेलं नाही अजून," ते म्हणाले.

मला त्या माणसाचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा भयंकर राग आला. फोन मी परत मागितला नाही. गॅसवर आमटी होती, ती उतू जाईल म्हणून मी आत गेले. ते खिडकीपाशी तसेच उभे होते.